बाण लागला तेव्हा आवाज कसला आला?

माझी नणंद आर्मेला फोन उचलून कधी हॅलो म्हणत नाही. सप्टेंबर सरत आला, धनुष्यानं हरणं मारायचा मोसम लागला, की जखमी हरीण शोधून दे म्हणून तिचा फोन वाजायला लागतो. आणि उचलल्या उचलल्या ती एकच विचारते, "आवाज कसला आला?"

पलीकडचा गडी गडबडतो. त्याला आधी शिंगांबद्दल सांगायचं असतं, किती फाटे होते, केवढा पसारा होता.

"शिंगं काय उकडून खाणार आहेस? बाण लागला तेव्हा आवाज कसला आला, ते बोल."

दुधाच्या रिकाम्या कॅनवर थाप मारावी तसा पोकळ 'ढप्प' आला, तर बाण फुप्फुसात गेला. असलं हरीण धावतं, पण लांब जात नाही. झाडीत काहीतरी कोसळल्याचा आवाज येतो आणि सगळं शांत होतं. वाळकी फांदी मोडावी तसा 'कडाक' आला, तर खांद्याचं हाड. आणि ओल्या पोत्यावर चापट मारल्यासारखा 'फच्च' आला, की आर्मेलाचा आवाज चढतो. "पोटात मारलंस. आता घरी जा, जेव, झोप काढ. मी सांगेपर्यंत मागावर पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन." कारण पोटात लागलेलं हरीण पाठीची कमान करून हळूहळू चालतं आणि जवळच कुठेतरी बसतं. त्याला बसू दिलं तर ते तिथंच मरतं. घाई करून उठवलं तर ते सगळं दुखणं पोटात घेऊन दोन टेकड्या ओलांडतं, आणि रक्ताचा थेंबही मागं ठेवत नाही.

नवख्यांना वाटतं, हरीण ओरडेल. बहुतेक वेळा नाही ओरडत बिचारं. खुरांचा धडधडाट, पाचोळ्याचा सळसळाट, संपलं. हरीण ओरडतं ते बाण मणक्यात बसला तर. मागचे पाय जातात, पुढच्या पायांवर ते अंग ओढत राहतं आणि हंबरडा फोडतं. आम्ही सगळी गाईगुरांची माणसं, आईपासून नुकतं तोडलेलं वासरू कसं ओरडतं ते आमच्या कानात असतं. हा हंबरडा तसाच, पण त्याला उत्तर द्यायला कुठली गाय येत नाही. मी तो एकदाच ऐकला. आर्मेलानं त्यापायी शेजाऱ्याशी जे वाकडं घेतलं, ते घेतलंच.

ती आमच्या घराण्यातली थोरली. सासऱ्यांनी धनुष्य दिलं ते धाकट्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एमेटला. हिला काम दिलं पडलेले बाण शोधायचं. बाण शोधता शोधता ती हरणं शोधायला लागली. एमेटनं मारायचं आणि हिनं शोधून काढायचं, असं बरीच वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात तिनं बापाचं लाकडी धनुष्य खुंटीवरून काढून घेतलं आणि कोणाला विचारलं नाही. चीजच्या कारखान्यात पिंपं घासून तिचे दंड असे झाले होते की विचारायची हिंमतही कोणाला नव्हती. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं ॲडलीन, लग्न केलं असतं तर एकाच माणसावर ओरडावं लागलं असतं."

आता ती आणि वुर्स्टी. वुर्स्टी तिची कुत्री, आखूड पायांची, लांबोडकी, राठ केसांची. वुर्स्ट म्हणजे जर्मनमध्ये सॉसेज, तशीच दिसते. लांब पट्टा बांधून तिला मागावर सोडायचं आणि तिच्यामागून चालायचं. रक्त जिथं दिसेल तिथं झुडपाला टॉयलेटच्या कागदाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे माग चुकला तर मागं वळून रेघ दिसते. तो कागदाचा गुंडाळा माझ्याकडे असतो. या वयात मला दुसरं काही झेपत नाही.

शेजारी म्हणजे अलॉयस. आमच्या माळाच्या खाली त्याचा ओढा आणि त्याची घळ. अलॉयसनं एका शरदात एक हरणी मारली, मणक्यात. आम्ही दोघी कोठारामागं सफरचंदं वेचत होतो, आणि खालून तो हंबरडा आला. थांबेना. आर्मेलानं टोपली टाकली आणि सुरी घेऊन धावत सुटली. मी कुंपणापर्यंत पोचले तोवर आवाज बंद झाला होता. ती परत आली ती कोपरापर्यंत लाल. म्हणाली, "मचाण रिकामं आहे. पळून गेला भेकड."

त्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या पंगतीला अलॉयस सांगत होता, या आठवड्यात काही मिळालं नाही, एक बाण फुकट गेला. आर्मेला हातात ताट घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "फुकट गेला? मणक्यात गेला. ती ओरडत होती आणि तू घरी पळालास. याला कोणी धनुष्याला हात लावू देऊ नका." सगळा हॉल ऐकत होता. अलॉयसची बायको तेव्हा होती, ती रडायला लागली. दुसऱ्याच दिवशी त्यानं फाटकाला कुलूप घातलं आणि निरोप पाठवला, या बाईचं पाऊल माझ्या जमिनीवर पडता कामा नये. मालकाच्या परवानगीशिवाय आमच्याकडे कोणी दुसऱ्याच्या रानात मागावर जात नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

आता गेल्या ऑक्टोबरचं सांगते. रविवारची सकाळ होती. आर्मेला माझ्याकडे कॉफीला आली होती. माझा मुलगा कर्ट मचाणावरून उतरून थेट स्वयंपाकघरात आला, चिखलाच्या बुटांनी.

"आत्या, फुप्फुस! अगदी मधोमध. मोठा नर आहे."

"आवाज?"

"ढप्प," कर्ट म्हणाला, आणि माझ्या भांड्यातला पॅनकेक उचलला.

"बाण कुठाय?"

"पुसून ठेवला."

"पुसून? बाण पुसतात होय रे, मला दाखवायच्या आधी? त्याचा वास घ्यायचा असतो, तोंड नसतं पुसायचं त्याचं."

"सवयीनं पुसला गं. चल ना आत्या, दुपारी टीव्हीवर सामना आहे. त्याच्या आत आटपू."

माझ्या पोरानं तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. मला ते दिसलं, पण आईला दिसलेलं आई दर वेळी बोलत नाही. आर्मेलालाही दिसलं असावं. पण भाचा पडला. तिनं वुर्स्टीचा पट्टा घेतला.

सुरुवातीला रक्त चांगलं होतं, लाल. मी दोनतीन कागद अडकवले. मग थेंब विरळ झाले, काळपट झाले. वुर्स्टी नाक खाली घालून ओढत होती. आर्मेलाची चाल मंदावली, आणि तेवढ्यात समोरच्या झुडपातून तो उठला. मोठा होता खरा. पाठ वाकलेली, मागचे पाय ताठ, जणू कोणी त्याच्या पोटाला दोरी बांधून आवळली होती. आवाज काहीच केला नाही त्यानं. आमच्याकडे एकदा बघितलं, कुंपणाशी गेला, कसाबसा पलीकडे पडला आणि अलॉयसच्या घळीत उतरला.

तो बसला होता ती जागा आर्मेलानं वाकून बघितली. काळं रक्त, त्यात चघळलेल्या मक्याचा हिरवट चोथा. तिनं बोट नाकाशी नेलं. मला उभ्या जागी वास आला.

ती वळली. डोक्यावरची टोपी काढली आणि कर्टला त्या टोपीनं मारायला लागली. चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, हात डोक्यावर धरून उभा.

"ढप्प काय? ढप्प? कानात काय चीज भरलं होतंस?"

"आत्या, फच्च आला होता. पण तू म्हणाली असतीस दुपारपर्यंत थांब—"

"आणि तुझा सामना चुकला असता!"

"अगं, मला वाटलं—"

"तुला काही वाटलं नाही. त्याला वाटतंय, ते बघ जाऊन. पोटात भोक घेऊन बसला होता बिचारा, सावलीला बसला होता. मरत होता गुपचूप. आपण त्याला उठवलं. मी उठवलं! माझ्या कुत्रीनं उठवलं!"

मी मध्ये पडले नाही. माझाच मुलगा, पण टोपी तिची योग्य जागी पडत होती.

मग थांबायला लागलं. आता तरी त्याला पुन्हा बसू द्यायला हवं होतं. ऑक्टोबर असून ऊन तापलं होतं. अशा उन्हात मांस टिकत नाही, आणि घळीत कोयोटे, म्हणजे आमच्याकडचे रानकोल्हे, फिरतात. ते मरायची वाट बघत नाहीत, बसलेल्याला मागून खायला लागतात. आर्मेला माझ्या अंगणात येरझाऱ्या घालत होती. दुपार कलली तशी ती रस्त्यानं अलॉयसच्या दाराकडे निघाली. आम्ही मागं.

आत सामना मोठ्यानं लागला होता. अलॉयसनं दार उघडलं. म्हातारा झालाय, गुडघा गेलाय, बायकोही गेली. त्यानं आमच्याकडे, मग वुर्स्टीकडे बघितलं.

"तुझ्या घळीत जखमी नर आहे," आर्मेला म्हणाली. "पोटात लागलाय. फाटक उघड."

"कोणी मारला?"

"या गाढवानं."

"मग गाढवाला विचारू दे."

कर्ट पुढं झाला. "काका, मी... परवानगी द्या."

"तुला दिली असती," अलॉयस म्हणाला. "पण शोधणार ही. त्या शुक्रवारी हॉलमध्ये जे बोललीस आर्मेला, ते मागं घे. चुकले म्हण. मग उघडतो."

आर्मेलाला मी साऱ्या आयुष्यात कोणाला 'चुकले' म्हणताना ऐकलेलं नाही. पाद्र्यालाही नाही, ती कबुलीजबाबाला जाते ते दुसऱ्यांची पापं सांगायला.

कर्ट हळूच म्हणाला, "आत्या, जाऊ दे. दुसरं मिळेल."

तिनं त्याच्याकडे जे बघितलं, तसं माझ्याकडे कोणी बघू नये. मग तोंड अलॉयसकडे वळवलं.

"मागं घेतलं. चुकले," ती म्हणाली. सडका दात थुंकावा तसं. "झालं समाधान? आता किल्ली काढ."

अलॉयसचं समाधान झालेलं दिसलं नाही. पण त्यानं खुंटीवरची किल्ली घेतली आणि काठी टेकत आमच्याबरोबर निघाला. टीव्ही तसाच ओरडत राहिला.

घळीत रक्त नव्हतंच. पोटातलं बाहेर येऊन भोक बुजलं, की असंच होतं. मी कागदाचा गुंडाळा उगाच हातात घेऊन चालले होते. सगळं वुर्स्टीच्या नाकावर. ती ओढ्याकडे वळली, कारण पोटात आग झालेलं हरीण पाण्याकडे जातं. ओढ्याकाठच्या दाट झाडीत तो बसलेला सापडला. मान वर होती. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, जमलं नाही. आणि मग तो कण्हला. हंबरडा नव्हता तो. खोल, लांब, गाभण गाय व्यायच्या आदल्या रात्री कण्हते तसा.

"जवळ जा," आर्मेला कर्टला म्हणाली. "आणखी जवळ. ऐक आधी. ऐकलंस?"

"ऐकलं."

"आता बाण लाव. पुढच्या पायाच्या मागं. हात कापला तर मी तुझा हात कापीन."

कर्टच्या त्या टोकांना चाकं बसवलेल्या नव्या तऱ्हेच्या धनुष्यानं सूं केलं, आणि पाठोपाठ 'ढप्प'. पोकळ, स्वच्छ. नरानं मान खाली ठेवली. एक श्वास, आणखी एक, मग फक्त ओढा.

"हा," आर्मेला म्हणाली. "हा ढप्प. आता ओळखशील?"

कर्ट रडत होता. बरं झालं. मी रुमाल दिला नाही, कागदाचा गुंडाळा दिला.

वळून बघितलं तर अलॉयस आमच्याकडे पाठ करून उभा होता. काठी खाली पडली होती आणि दोन्ही हात कानांवर होते. मग त्यानं ते काढले.

"मला अजून ऐकू येते ती," तो म्हणाला. "ती हरणी. म्हणून टीव्ही मोठा लावतो. मी परत जाणार होतो आर्मेला, खरंच. पाय उचलेनात."

"येऊ दे ऐकू," आर्मेला म्हणाली. आणि कर्टच्या जोडीनं शिंगाला धरून ओढायला लागली.

आतलं सगळं नासलं होतं. पुढचे खांदे आणि पाठीचं मांस तेवढं वाचलं. कर्ट एक खांदा अलॉयसला द्यावा म्हणत होता. आर्मेला म्हणाली दे, पण मी नाही नेऊन देणार. मग मीच नेऊन दिला.

पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये पंगत बसली. अलॉयस कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवत होता. मला वाटलं, एवढं झालं, आता तरी ही त्याच्या शेजारी बसेल. आर्मेला ताट घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच जागी, जिथं तेव्हा उभी होती.

"अलॉयस, नर सापडला," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "माझं ते 'चुकले' परत दे. ते त्या नरासाठी होतं. तुझ्यासाठी नव्हतं."

अलॉयसनं काटा खाली ठेवला. तोंड पुसलं.

"घे," तो म्हणाला.

"आणि फाटक?"

"कुलूप काढून टाकलंय."

"तेव्हाच काढायचं होतंस," असं म्हणून ती तरातरा निघून गेली आणि बटाट्याच्या पॅनकेकच्या रांगेत पुढं घुसली. कोणी तिला मागं जा म्हणालं नाही.

अलॉयसच्या ताटातला मासा तसाच राहिला होता. मी जाऊन त्याला थोडी कोबीची कोशिंबीर वाढली आणि पाणी ओतलं. म्हातारा माणूस, एकटा. आर्मेलाला हे कोणी सांगू नका.