तानुबाईंना मीच निजवलं होतं

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या शेजारच्या तानुबाई शेवाळलेल्या ओट्यावरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. परभणीला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या राजेश्री मॅडमनी त्यांना वॉकर धरून उभं केलं आणि सून सविताला बजावलं, "रोज चालवायचं. दुखलं तरी चालवायचं. पडून राहिल्या तर कायमच्या खाटेला खिळतील."

आमच्या गावी, वालूरला आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. केळी, बिस्किटांचे पुडे आणि सल्ले. आमच्याकडे आजारी माणसानं खाटेवरच दिसावं लागतं, नाहीतर येणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. सविता सासूला अंगणात चालवत होती, म्हातारी कण्हत होती. चारचौघींत कुणीतरी बोललंच, "सासू हाय का बैल? टाके तरी सुकू दे."

ते बोलणारी मीच. माझ्या जिभेला हाड नाही.

सवितानं वॉकर कोपऱ्यात ठेवला. तीन आठवडे तानुबाई निजून राहिल्या आणि पायाची पार काडी झाली. तपासणीला मॅडम सवितावर चिडल्या. तिनं माझं नाव घेतलं नाही. सोबत मी होते, मीही खरं सांगितलं नाही. फार लाज वाटली.

दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला निघणार होती. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्याला घेत नाहीत. सविता सासूपायी मागं राहिली, तर तिच्या नवऱ्याला, बजरंगला टोळीत जागा नव्हती. तानुबाईंनी स्वतः तीस वर्षं ऊस तोडलेला. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमीच निजवलं मला. आता तुमीच उठवा."

मग मी दारातच बसले. भेटायला येईल त्यानं आधी तानुबाईंबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, मग चहा. कुणी नाक मुरडलं, कुणी खरंच हात दिला. तानुबाई शिव्या देत चालल्या, पण चालल्या.

टोळीचा ट्रॅक्टर आला त्या सकाळी सविताचा पाय निघेना. "आत्या पडल्या तर? लोक मलाच बोलतील."

तानुबाईंनी सविताचं गाठोडं वॉकरला अडकवलं आणि एकट्या निघाल्या. दारापासून ट्रॅक्टरपर्यंत चारदा थांबल्या. कुणाला हात लावू दिला नाही.

"चढ," त्या म्हणाल्या. "लोकाईला काय सांगायचं ते मी सांगते. उभी हाय की मी."

सविता रडत चढली. सगळा गाव बघत होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा काहीच बोलले नाही.