बावीस विहिरींची चव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी आमच्या शाळेच्या शिपाईकाकांचं नाव घेतो. लोकांना मोठ्या प्राध्यापकाचं नाव ऐकायचं असतं, त्याला माझा इलाज नाही. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात काकांच्या जिभेइतकी हुशार जीभ दुसरी जन्मली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

आमच्या गावात बावीस विहिरी. एकवीस खारट आणि नाल्याकाठची एकच गोडी, जिचं पाणी सगळं गाव पितं. काकांना बावीसही तोंडपाठ. चहाचा घोट घेतला की ते दूध-साखरेबद्दल अवाक्षर काढत नसत. "याच्यात मारोतीमागच्या विहिरीचं मिसळलं, अन् बादली गाळाले लागली," एवढंच सांगत. अकोटला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पहिल्याच घोटाला यजमानांना विचारलं, "टँकर बाळापूरकडून आला काय?" यजमान चमकले. "तुमाले कोनं सांगतलं?" "पान्यानं सांगतलं," म्हणून काका जिलबीकडे वळले. एकदा मी विचारलं, सगळ्या विहिरी चाखल्याच कशाला? म्हणाले, "माह्या आज्याले ज्या विहिरीवर चढू देलं नाई, तिचंबी पानी चाखून पाह्यलं. खारंच निंगालं."

बाबा मला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावणार होते. काकांनी दारात ठाण मांडलं आणि मला अमरावतीच्या कॉलेजात घालायला लावलं. सोबत स्वतः आले, एसटीत मांडीवर गोड्या विहिरीच्या पाण्याची कॅन घेऊन. कंडक्टरनं विचारलं, पेशंट कोण? "कोनी नाई. पोरगं शिकाले चाललं. पह्यल्याच दिवशी परकं पानी पोटात गेलं तं इंग्रजी सुधरत नाई." मी भूगर्भशास्त्र शिकलो, आणि आता अकोल्याला पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरीत आहे.

मग कंपनी आली. जमिनीखाली कोळसा आहे. कोळसा काढायचा नाही, त्यातला वायू काढायचा, आणि त्यासाठी आधी थरातलं पाणी उपसायचं. पहिल्या बोअरची चुन्याची खूण गोड्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर पडली. गावात दोन तट पडले. काहींना पोरांच्या नोकऱ्या दिसत होत्या, आणि तेही खोटं नव्हतं.

जनसुनावणीत कंपनीचा तरुण इंजिनिअर म्हणाला, "तुमचं पाणी मुळातच खारट. त्यात बिघडणार काय?" काका उठले. "खारं अन् खारं एक नसते, साहेब." इंजिनिअरनं हसत गावातून पाच विहिरींच्या पाण्याचे पेले मागवून पुढ्यात ठेवले. काकांनी डोळे मिटून चार विहिरी ओळखल्या. पाचव्याला थांबले. "यात शाळेमागच्या विहिरीचं हाये, अन् तुमच्या बाटलीचंबी हाये. काहून भेसळ केली जी?" इंजिनिअर उभा राहिला आणि त्यानं चक्क हात जोडले.

अध्यक्षस्थानी बसलेले साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "बाबा, कमाल आहे. पण जिभेची नोंद कशी घेऊ? आज पाणी कसं आहे याचा कागद आहे? नसेल तर उद्या बिघडलं हे कशावरून ठरवायचं?" कागद नव्हता. बावीस विहिरींचा हिशेब एका माणसाच्या तोंडात होता. "कागद करनारा आमचा पोरगा मांगं बसला हाये," म्हणत काका वळले. मंचावर माझेच वरिष्ठ होते. माझ्या पायात चपला होत्या, तरी मी बुटाची नाडी बांधत असल्यासारखा वाकलो.

सुनावणी संपल्यावर काका जवळ आले. वाटलं, आता बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पानी पेला काय?"

अकोल्याला परतल्यावर मी त्यांना हे पत्र टाकलं:

"आदरणीय काका, जय भीम.

त्या दिवशी मी उठलो नाही. तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगतो: भ्यालो. लेखी हरकतीला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. रविवारी पहिल्या एसटीनं येतो, सोबत पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र आणि वही. बावीसही विहिरींवर जाऊ. आधी तुम्ही चाखा, मग मी मोजतो. पहिल्या रकान्यात तुमचं म्हणणं लिहीन, दुसऱ्यात यंत्राचं. खाली सही माझी, पूर्ण नावानं. साहेबांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. आपण दोघंही नसू तेव्हा कोणाला तरी कळायला हवं की हे पाणी कसं लागत होतं.

येताना ती कॅन आणतो. भरून द्या. इथलं पाणी अजून मला परकंच लागतं."