पोटातली गोळी, अंगावरच्या पिसवा

पहिल्या बाळंतपणाला मी धुळ्याहून एरंडोलला माहेरी आले, तेव्हा पिशवीत लंगोटांच्या खाली कुत्रीच्या गोळ्यांची पुडी होती. नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता. बाळापेक्षा कुत्रीचीच काळजी मला जास्त, असं सासरी सगळे चिडवत होते. अगदीच खोटं नव्हतं ते.

कुत्री माझी, लग्नाआधी पाळलेली आणि लग्नानंतर माहेरीच राहिलेली. तिचं बारसं कुणी केलंच नाही. रंग तांबडा म्हणून तांबडी. संक्रांतीला आले होते तेव्हा तिच्या अंगावर पिसवा नुसत्या बुजबुजल्या होत्या. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेव्हाच बजावलं होतं: बाळंतिणीच्या घरात पिसवा नकोत, बाळंतपणापर्यंत गेल्या नाहीत तर तांबडी पहूरला, आतेभावाच्या मळ्यात. दात पडलेली म्हातारी कुत्री परक्या मळ्यात किती तग धरणार? मी खूप भांडले, पण नानांपुढे भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

म्हणून धुळ्याला जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "गोळी पोटातून रक्तात जाते. पिसू चावली की मरते. म्हणजे आधी तिला चावू द्यायचं."

"पण किती दिवसांत?"

"अंगावरच्या लवकर पडतील. पण घरात अंडी असतात, त्यातून नव्या निघतात आणि पुन्हा चढतात. लोकांना वाटतं, गोळी फुकट गेली. धीर धरा. आणि वरून दुसरं कुठलंही विष लावू नका. दोन्ही एकत्र झाली तर पिसवांआधी कुत्रीच जाईल."

माहेरी पोचल्या पोचल्या हे सगळं मी घरात मोठ्या ऐटीत सांगितलं. नानांनी हं केलं. आई सुपात डाळ पाखडत होती, तिनं मान वर केली नाही. आईला कुत्री मुळीच आवडत नसे. भाकरीसुद्धा लांबून टाकायची आणि मग हात धुवायची.

गुळात गोळी दडवून दिली. दुसऱ्या दिवशी तांबडीच्या गोणपाटावर मेलेल्या पिसवा दिसल्या आणि मी घरभर मिरवून घेतलं. माझी ऐट आठवडाभरही टिकली नाही. तांबडी पुन्हा कराकरा खाजवू लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच घडत होतं, पण नानांचा धीर म्हणजे काडेपेटीतली काडी.

"गोयीनं काय व्हस?" ते म्हणाले. "फवारा मारा, का सांजले बठ्ठ्या पिसवा साफ."

आमच्या कपाशीच्या मुलखात एकच रामबाण. खाटेत ढेकूण झाले, मारा कपाशीचं औषध. ढोरांना गोचिड्या झाल्या, तेच. हंगामात उरलेला डबा प्रत्येकाच्या माळ्यावर असायचा. नाना काही दुष्ट नव्हते. साऱ्या गावाला जे ठाऊक होतं, तेच ते करणार होते.

दुपारी मी आत पडले होते. अंगणात पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ तो उग्र वास. आठवा सरत आलेला. भिंतीला धरून कशीबशी उठले. दारात पोचले आणि तिथंच थांबले.

आई अंगणात मातीत बसली होती आणि तांबडी तिच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी तिनं कुत्रीला पदराखाली घेतलं होतं. समोर बादली घेऊन नाना.

"तिना पोटमा गोयी शे," आई म्हणाली. "वरथून जहर टाकशात ते मरी जाई. टाकनं व्हई ते पहिले मना आंगवर टाका."

उभ्या जन्मात आईनं नानांना असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बादली उचलून मागच्या दारानं गेले. पहूरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढचे दिवस आईचे. गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून पत्र्यावर टाकल्या. गोणपाट जाळलं. जमीन पुन्हा पुन्हा सारवली, फटींत चुना भरला. रोज दुपारी उवांची फणी घेऊन ती तांबडीला विंचरायची आणि पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायची. गोळी मी आणली होती, पण ती लागू पडेपर्यंतचा सगळा वेळ आईनं आपल्या अंगावर घेतला. मुलगी झाली तोवर घरात पिसू राहिली नव्हती आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर तांबडी हक्कानं झोपत होती.

धुळ्याच्या डॉक्टरांचे उपकार मी मानतेच. पण आईचं ऋण कसं मानायचं ते मला कळत नव्हतं. बाळाला तेल लावताना एकदा विचारलं, "आई, तुला तर ती आवडत नव्हती ना गं?"

तिनं बाळाचं पाऊल तळव्यात घेतलं.

"तू सासरले गई," ती म्हणाली, "मंग सांजले तुन्ही वाट देखत ओटावर आम्ही दोन्हीजनीच बठतस. तिले काढी दिधं व्हतं, ते मी कोनसंगे बठतू?"