ताईचा पाट आणि तिळाएवढी माशी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीत दुकानावर होतो. तिच्या शेजारच्या शबानाबी एवढंच म्हणाल्या, "बापूभाऊ, या लवकर. बाई गेल्या." आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता बीबी गावातल्या तिच्या घरातली ती घाण एकदाची काढता येईल... हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

घाण म्हणजे आगपेट्या. ताईनं जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरामागच्या मातीच्या भिंतीतली रानमधमाश्यांची घरटी उकरून ती आगपेट्यांत ठेवायची, आणि त्या पेट्या साखरेच्या डब्याशेजारी. एकदा मी जेवत असताना तिनं एक उघडून दाखवली. एक पांढरी अळी दुसऱ्या अळीला चिकटून तिला जिवंतपणी शोषत होती. शोषली जाणारी सुरकुतत चाललेली. घास तोंडातच फिरला. त्यानंतर मी तिच्याकडे जेवलो नाही. उपास आहे म्हणायचो.

"तुहा उपास मले समजते," ती हसायची.

तिला खरी आस होती वेगळ्याच माशीची. तिळाएवढी, पाठीला कुबड, सराट्याच्या पिवळ्या फुलावर बसणारी. तिची पिल्लं कोणाच्या जिवावर वाढतात, हे कुठल्या पुस्तकात तिला सापडलं नव्हतं. ती हवेतूनच शेपूट झटकून या भिंतीतल्या भोकांत अंडी टाकते का, एवढं डोळ्यांनी पाहायला ताई पाट टाकून उन्हात बसून राहायची.

"माशीच ना शेवटी," मी एकदा म्हणालो.

"मंग? तूही माणूसच ना शेवटी."

ती दवाखान्यात होती तेव्हा मी ती भिंत सिमेंटनं लिंपून घेतली. आजारी माणसाचं घर स्वच्छ पाहिजे, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण किळस. घरी आल्यावर तिनं भिंतीवरून हात फिरवला. "गुळगुळीत झाली रे बापू..." मग मागचं दार लावलं, ते पुन्हा उघडलं नाही.

शोकसभेत तिला 'माशीवाली बाई' म्हणणारेच 'निसर्गकन्या' म्हणाले. मीही बोललो, निसर्गकन्याच म्हणालो.

परवा घर आवरायला गेलो. मागचं दार उघडलं, तर पाट तिथंच, भिंतीकडे तोंड करून. टेकलो. थोड्या वेळानं एक तिळाएवढी कुबडी माशी आली, सिमेंटसमोर हवेत थांबली आणि शेपूट झटकली. जरा सरकली, पुन्हा झटकली... भोक शोधत.

तेव्हा किळस आली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. आली. पण ऊन उतरेपर्यंत पाटावरून उठलो नाही.