शेळीच्या दुधाचा शेवटचा घाणा

साबण झाला की नाही हे जिभेला कळतं. महिनाभर वाळलेली वडी घ्यायची, तिच्यावरून ओलं बोट फिरवायचं आणि जिभेचं टोक टेकवायचं. आत कॉस्टिक सोडा शिल्लक असला तर असा चटका बसतो की बसलेलं माणूस उठून उभं राहतं. काहीच लागलं नाही तर तो साबण बिनघोर अंगाला लावावा. आमच्या घरात हे काम माझ्या धाकट्या जावेचं होतं. "आक्का, तुमी एकदा लावून तर बघा," म्हणत ती वडी माझ्या तोंडापुढं धरायची. मी म्हणायचे, "तुझी जीभ आधीच तिखट, तुलाच शोभतंय ते." मग ती हसायची, वडी चाटायची आणि थुंकून सांगायची, "पास!"

बेंबळीत आमचं घर रस्त्याच्या कडेलाच आहे. दारात तीन काळ्या शेळ्या. बचत गटात साबणाचं ट्रेनिंग झालं तेव्हा मी नुसती चहाला म्हणून गेले होते आणि ही सगळं वहीत उतरवून आली. तेव्हापासून दोघींची कामं ठरली ती ठरलीच. शेळ्या, दूध, कडुनिंबाचा पाला वाटणं आणि घोटणं माझ्याकडं. तोलणं आणि जीभ तिच्याकडं. मला आकड्यांचा पहिल्यापासून राग. ती बारावी सायन्स झालेली, ग्रॅमशिवाय बोलायची नाही. एकदा घातलेल्या साबणाला आम्ही भज्यांसारखा घाणाच म्हणायचो. खोबरेल, करडईचं तेल, थोडं एरंडेल, आणि पाण्याच्या जागी शेळीचं दूध. दूध फ्रीजमध्ये गोठवून त्याचा बर्फ करायचा, कारण सोडा पडला की दूध तापतं आणि करपतं.

त्या सोमवारी सकाळपासून लाईट नव्हती. फ्रीजमधल्या दुधाचा बर्फ वितळायला लागला. मी तिला हाक मारली तर ती अंथरुणातच होती. "आक्का, आज नको. अंग लई मोडून आलंय. डोळे उघडंनात." माझं डोकं फिरलं. खोटं कशाला सांगू, लिटरभर दुधासाठी फिरलं. म्हटलं, "दूध नासून जाईल ते? चार दिवस शेळ्यांच्या मागं मी फिरलीय. तोलून दे फक्त, घोटायचं मी बघते." ती उठली. भिंतीला धरून आली आणि काट्यापुढं बसली.

सोडा तोलताना तिनं काट्याकडं तीनदा वाकून बघितलं. मग म्हणाली, "आक्का, हे तीनशे साठ हाय का तीनशे ऐंशी? साठच पायजे. बघा की जरा." मी तेव्हा तेलाच्या पातेल्याशी होते. मान वर न करता म्हणाले, "तुला दिसंना तर मला काय दिसणार? घाल आणि मोकळी हो." तिनं डोळे चोळले आणि सोडा दुधात घातला. लाईट नसल्यामुळं मिक्सरऐवजी मी लाकडी रवीनं हात दुखेपर्यंत घोटलं आणि साच्याच्या पेटीत ओतलं. ती तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तिला झोप लागली असं मला वाटलं.

बुधवारी तिला सोलापूरला नेलं. ताप डोक्यात गेलाय, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या मंगळवारी ती गेली.

मी रडले नाही. रडू आलंच नाही, त्याला मी काय करू? तिला घरी आणलं तेव्हा मी चहाचे कप मोजत होते. आलेल्या बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या, "दोघी एका ताटात जेवायच्या, आणि हिच्या डोळ्याला पाणी न्हाय." ऐकू येत होतं सगळं. मला ना राग आला ना वाईट वाटलं. कुणी जेव म्हटलं की जेवत होते, झोप म्हटलं की आडवी होत होते. शेळ्या ओरडल्या की उठून धार काढायची आणि दूध शेजारी देऊन टाकायचं.

सुतकात अंगाला साबण लावत नाहीत. फळ्यांवर साबणाच्या थप्प्या होत्या, सगळ्या घराला वास होता, आणि आम्ही सगळे तेरा दिवस नुसत्या पाण्यानं अंघोळ करत होतो. साबणाला हात लावायचा नाही म्हणून ती पेटीही तशीच राहिली. एरवी दुसऱ्याच दिवशी घाणा मऊ असतो, तेव्हा तारेनं वड्या पाडायच्या. मी चौदाव्या दिवशी झाकण काढलं तेव्हा वर पांढरी भुकटी धरली होती आणि लादी दगड झाली होती. तार तुटली. मग सुरी लावून वर वरवंटा मारला तर कडेनं भुगा पडायला लागला.

तिच्या वहीत लिहिलेलं होतं. सोडा जास्त झाला की साबण ठिसूळ होतो, भुगा पडतो, वर पांढरं येतं. खाली तिनंच लिहिलं होतं की जास्त दिवस पेटीत राहिला तरीही असं होतं. मी वही मिटून ठेवली. एकतीस वड्या धड निघाल्या. त्या मी वेगळ्या फळीवर मांडल्या आणि तिकडं बघणं सोडलं.

तिची एकुलती एक लेक लातूरला नर्सिंग शिकते. तेराव्यानंतर परत गेली होती, ती महिन्याभरानं सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढं उभी राहिली. "मोठीमाय, आईचा तो शेवटचा घाणा मला दे. मी होस्टेलला नेते. रोज तोच लावणार."

"नको. भुगा पडायलाय त्याचा. दुसरा घेऊन जा, पाहिजे तेवढा."

"दुसरा मला नको. त्याला काय झालंय? जिभेला लावून बघितलं का?"

"नाही."

"मग मी बघते." तिनं फळीकडं हात केला आणि मी तो धरला. जोरातच धरला असेल, कारण ती दचकली. सोडा जास्त असला तर पोरीचं तोंड भाजलं असतं, हे तर होतंच. पण माझी भीती वेगळी होती, ती तिला सांगता येण्यासारखी नव्हती. चटका बसला तर त्याचा अर्थ एकच होता. जावेला त्या दिवशी खरंच दिसत नव्हतं. ताप तेव्हाच डोक्यात चढला होता, आणि दवाखान्यात न्यायच्या ऐवजी मी तिला काट्यापुढं बसवलं होतं. महिनाभर मी त्या फळीला पाठ करून वावरले ती याच्यासाठी.

"मी बघते," मी म्हणाले.

मी एक वडी उचलली. ओलं बोट फिरवलं, डोळे मिटले आणि जीभ टेकवली. साबणाची सपक चव लागली आणि जरासा कडुनिंब. चटका नव्हता. मी वडीची दुसरी बाजू लावून बघितली. मग दुसरी वडी घेतली, तिसरी घेतली. कोपरा, मधला भाग, भुगा पडलेली कड. कुठंतरी लागायलाच पाहिजे होतं. तोंडाला फेस आला तरी मी चाटत होते.

"मोठीमाय, काय करायलीस? पुरे की! चटका बसला का?"

"न्हाय बसला."

"मग चांगलाय ना?"

"चांगलाय. तिनं बरोबर तोललं होतं." आणि मग मी सांगून टाकलं, कारण जीभ आता सुटलीच होती. "त्या दिवशी ती नको म्हणत होती. उठवत नव्हतं तिला. दूध नासेल म्हणून मीच तिला बसवलं. आकडा बघा म्हणाली, तर मी वर मानसुद्धा केली न्हाय."

पोरीनं फडक्यानं माझं तोंड पुसलं, दवाखान्यात पेशंटचं पुसतात तसं, नीट कडेकडेनं.

"मला माहीतंय," ती म्हणाली. "त्याच रात्री फोन केला होता तिनं. ताप आलाय म्हणाली, तर मी ओरडले, मग कशाला काम केलंस म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आक्का चिडल्या होत्या, पण दूध वाचलं. घाणा एक नंबर उतरलाय, आणि ह्या वेळी जीभ आक्कांनाच लावायला लावते, बघ तू."

तिनं वड्या वर्तमानपत्रात बांधल्या आणि एक माझ्यासाठी फळीवर ठेवली. संध्याकाळच्या गाडीनं ती लातूरला गेली. मी शेळ्यांना पाला टाकला, धार काढली आणि दूध झाकून ठेवलं. मग फळीवरची वडी घेऊन जाऊ त्या सोमवारी जिथं टेकून बसली होती त्या भिंतीशी बसले आणि आणखी एकदा जीभ टेकवली. काहीच लागलं नाही.