पंचेचाळीस डिग्रीचा ब्रेड

"सीलिॲक डिसीज," सोलापूरचे पोटाचे डॉक्टर म्हणाले. "गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. त्याची तुमच्या आतड्याला बाधा होते. आजपासून गहू बंद. आयुष्यभर."

शेजारच्या खुर्चीवरून आमच्या यजमानांनी विचारलं, "आयुष्यभर म्हंजे साधारण किती दिवस, डॉक्टर?"

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या अंगात हसायलाही जीव नव्हता.

मी धाराशिवमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दीडेक वर्षापासून माझं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, केसांचे पुंजके हातात यायचे. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खुर्ची शोधावी लागायची. हिमोग्लोबिन कितीही लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तरी वर चढेना. गावातल्या एकानं जंताचं औषध दिलं, दुसऱ्यानं टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. तिसरे तर म्हणाले, बाईमाणसाला या वयात एवढं चालायचंच. त्यांच्या तोंडावर काही बोलले नाही याचा मला अजून राग येतो.

शेवटी सोलापूरला टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली. ग्लूटेनच्या नादानं शरीर आपल्याच आतड्यावर उठलं आहे का, ते या तपासणीत कळतं. मग एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी आत सोडून बघणं. त्यातच बायोप्सी, म्हणजे आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासणं. आपल्या आतड्याला आतून टॉवेलसारखी बारीक लव असते आणि तीच अन्न शोषून घेते. माझी लव झिजून गेली होती. त्यामुळं खाल्लेलं अंगाला लागतच नव्हतं.

"ज्वारी, बाजरी, तांदूळ चालेल," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या भागात तर सोपं आहे."

सोपं. हा शब्द मी पुढं सहा महिने दातओठ खात आठवत राहिले.

पोळी त्याच दिवशी बंद केली. घरघंटी आणली आणि ज्वारी घरीच दळायला लागले, कारण गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळलं तर त्याचं पीठ मिसळतं. रवा, शेवया, कुरडया, मैद्याची बिस्किटं, सगळं घराबाहेर काढलं. शाळेत सत्यनारायणाच्या शिऱ्यालाही हात जोडून नको म्हटलं. "देवाचा प्रसाद बाधत नसतो, मॅडम," असं मला प्रत्येक पूजेला ऐकवलं जायचं. माझ्या आतड्याला देव आणि रवा यांतला फरक कळत नाही, हे मी किती जणांना समजावणार?

एवढं करूनही पोट फुगायचं राहिना. जुलाब थोडे कमी झाले, पुन्हा सुरू झाले. आता दोष कुणाला द्यायचा? यजमानांनी ज्वारीला दिला. "तुला धान्यच सोसत न्हाय," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं. जन्मापासून जी भाकरी खाऊन मी वाढले, ती माझ्या ताटातून गेली.

आमचे हे पाटबंधारे खात्यात आहेत. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण चहाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं ते त्यांना माहीत नव्हतं. हा माणूस मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून रॉ व्हीगन ब्रेडपर्यंत पोचला. म्हणजे धान्य नाही, दूध नाही, अंडं नाही आणि विस्तवही नाही. जवस आणि सूर्यफुलाच्या बिया भिजवायच्या, गाजराबरोबर वाटायच्या, लगदा ट्रेवर पसरायचा आणि डिहायड्रेटरमध्ये वाळवायचा. डिहायड्रेटर म्हणजे गरम हवेचा पंखा बसवलेलं कपाट. त्याची उष्णता पंचेचाळीस डिग्रीच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली तर ब्रेड कच्चा राहत नाही आणि त्यातलं सत्त्व मरतं म्हणे.

"पंचेचाळीस?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "मग गच्चीवर टाका की सांडग्यासारखं! एवढं ऊन तर आपल्याकडं फुकटच हाय." तो एप्रिल महिना होता. काकूंच्या गच्चीवर धोतरावर पापड वाळत होते आणि आमच्या दिवाणखान्यात पंख्याचं कपाट घोंघावत होतं. यजमानांनी काकूंना समजावून सांगितलं की, गच्चीवर उष्णतेवर नियंत्रण राहत नाही. काकू पदर तोंडाला लावून घरात गेल्या.

त्या ब्रेडला दिवसभर वीज लागायची. धाराशिवच्या उन्हाळ्यात दिवसभर वीज मागणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. लाइट गेली की लगदा आंबायचा आणि घरभर आंबूस वास सुटायचा. मग हे महाशय दर थोड्या वेळानं कपाटाचं दार उघडून आत बोट लावून बघायचे. मी कॉटवर पडल्या पडल्या म्हणायचे, "अहो, ते काय तान्हं बाळ आहे सारखं बघायला? निजू द्या त्याला."

चव विचारू नका. वरून चिवट, आतून गिळगिळीत. वहीच्या पुठ्ठ्याला तिखटमीठ लावून पाण्यात भिजवला, तर जवळपास तसा लागेल. तरी मी खायचे. कारण हा माणूस सुट्टीच्या दिवशी माझ्यासाठी गाजरं किसत बसायचा आणि पहिला तुकडा मी तोंडात घातला की माझ्या गळ्याकडं बघत राहायचा, तो खाली उतरेपर्यंत. एकदा त्यांची पाठ वळल्यावर मी तुकडा खिडकीबाहेर टाकला. गल्लीतल्या कुत्र्यानं तो हुंगला आणि ते निघून गेलं. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला.

ईट गावाहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. लेक बिया वाटतोय हे बघून त्या दारातच थबकल्या. मग पिशवी खाली ठेवून जवळ गेल्या आणि लगद्यात बोट बुडवून बघितलं.

"कच्चंच खाऊ घालतूस व्हय रं तिला? बाधंल की! पोटात वारा धरंल." त्यांनी पिशवीतून हिंगाची डबी काढली. "चांगला चमचाभर सोड ह्यात. आन् वरणात बी टाक, ताकात बी. हिंगानं पोट हलकं राहतंय."

एवढं एक बोलणं मला त्या सगळ्या महिन्यांत शहाणपणाचं वाटलं. वरणाच्या फोडणीत हिंग आमच्याकडं आधीपासून होताच. आता तो ब्रेडमध्ये आला, ताकात आला, रोजचा झाला. पोट फुगलं की हिंग वाढवायचा, असा आमच्या घरात नियमच पडला.

सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा केली. आकडा जवळपास जागच्या जागी होता. वजन आणखी उतरलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बराच वेळ पाहिला. या वेळी ते सोपं म्हणाले नाहीत.

"बहुतेक वेळा ग्लूटेन कुठून तरी पोटात जातच असतं," ते म्हणाले. "पण खरंच जात नसेल, तर हा रिफ्रॅक्टरी प्रकार असू शकतो. म्हणजे पथ्याला दाद न देणारा. मग पुन्हा एन्डोस्कोपी, पुन्हा बायोप्सी. स्टेरॉइड द्यावं लागेल. आणि आतड्यात आणखी काही वाईट तर वाढत नाही ना, तेही बघावं लागेल."

"वाईट म्हंजे?" यजमानांनी विचारलं.

"आत्ताच त्या नावाकडं जायला नको. आधी आमच्या आहारतज्ज्ञांना भेटा."

बाहेरच्या बाकड्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला भीती वाटत होती आणि संतापही येत होता. मी पोळी सोडली, भाकरी सोडली, लग्नातली जेवणं सोडली, पुठ्ठा खाल्ला, आणि तरीही माझंच आतडं माझ्यावर उलटलेलं? माझी मुलगी दहावीला होती. तिची दहावी, बारावी, मग पुढं, असं डोळ्यासमोर यायला लागलं तेव्हा मी समोरच्या भिंतीवरचा दात घासण्याचा तक्ता वाचत बसले.

आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या. मी काय खाते ते सांगायला लागले, तर हेच पुढं सरसावले. ब्रेडचं नाव निघालं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं. इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं होतं!

"जवस रात्री भिजवतो मॅडम. सूर्यफुलाच्या बिया सकाळी. गाजर किसून पिळून घेतो. मीठ, जिरं, लसूण. सगळं मीच करतो, पोळीच्या पोळपाटाला बी लागू देत न्हाय. मग चमचाभर हिंग, आन्..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "हिंग कोणता?"

"डबीतला. आमची आई आणती बाजारातनं. रोज घालतो. वरणात, ताकात बी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "डबीतला हिंग नुसता हिंग नसतो. खरा हिंग इतका उग्र असतो की तो पिठात मिसळूनच विकतात. आणि बहुतेक वेळा ते पीठ गव्हाचं किंवा मैद्याचं असतं."

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते आपल्या हातांकडं बघत होते, गाजरं किसून अंगठ्याला पडलेल्या घट्ट्याकडं. मी मात्र हसले. हसता हसता इतकं रडू आलं की बाईंना उठून पाणी आणावं लागलं.

तुमच्या घरात हे दुखणं आलं, तर माझी एवढी एक गोष्ट ऐका. जे पथ्याचं म्हणून, औषध म्हणून, घासभर म्हणून पोटात जातं, त्याचीच आधी चौकशी करा. आम्ही पोत्यानं येणाऱ्या ज्वारीला चोर ठरवलं आणि डबीतल्या हिंगाला वैद्य. आणि नवा पदार्थ शिकायच्या आधी, जुना खरंच बाधतो का, ते डॉक्टरांना विचारा.

हिंग बंद झाला. स्टेरॉइड सुरू न करता आधी थांबून बघू, असं डॉक्टर म्हणाले. ते थांबणं मला सगळ्या तपासण्यांपेक्षा जड गेलं. पण महिनाभरात पोट शांत झालं आणि पुढच्या तपासणीत टीटीजीचा आकडा निम्म्याच्याही खाली आला. "हे पथ्याला दाद देतंय," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या बायोप्सीची आता घाई नाही. आणि ज्वारी खा, ती पहिल्यापासून चालतच होती." यजमानांनी त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टर वयानं त्यांच्याहून लहान आहेत.

आत्यांना मात्र कुणीतरी फोनवर सगळं सांगून टाकलं. त्या पहिल्या एसटीनं आल्या. पण या वेळी स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. चहाला उठल्या नाहीत, भाजी निवडायला बसल्या नाहीत.

"मी न्हाय शिवायची तुज्या भांड्याला," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं इख घातलं तुला मी. लेकीवाणी पोर, आन् मीच..."

माझा संयम तिथं सुटला. दीड वर्षातले ते डॉक्टर, प्रसादवाले, तो पंखा, तो पुठ्ठा, सगळ्यांचा राग मी त्या म्हातारीवर काढला.

"आत्या, पुरं झालं आता! डॉक्टरांना कळलं नाही, तुमच्या शिकलेल्या लेकाला कळलं नाही, मला कळलं नाही, आणि तुम्हाला कसं कळणार होतं? तुम्ही रुसून बसलात तर मला भाकरी कोण थापून देणार? तुमच्या लेकाला फक्त ती कच्ची ठेवता येते!"

आत्या बघतच राहिल्या. सून इतक्या मोठ्यानं त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. मग पदरानं डोळे पुसून उठल्या. दोनदा हात धुतले. घरात दळलेल्या ज्वारीच्या पिठात गरम पाणी ओतलं, पीठ मळलं आणि परातीत भाकरी थापायला लागल्या. यजमान दारात उभे राहून बघत होते.

तव्यावर भाकरी टम्म फुगली. आत्यांनी ती माझ्या ताटात ठेवली आणि समोर बसल्या. मी पहिला घास घेतला.

"पोटात काय हुतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

दुसऱ्या घासाला पुन्हा विचारलं, तिसऱ्याला पुन्हा. भाकरी संपेपर्यंत त्यांचं विचारणं काही संपलं नाही.

"काय हुतंय का गं?"

"व्हय, हुतंय," मी म्हणाले. "भूक लागलीय. अजून एक टाका."