साडूभाऊंचं मीठ

मिठाला हात जोडून मग जेवणारा माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. न्हावऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. पंगतीत वाढप्याने पत्रावळीवर मीठ ठेवलं, की शेजारच्याची सुटका नसे. "बघा पाहुणं, ह्यातला सोडियम एकटा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन एकटा नाकात गेला तर जीव घेतो. दोघांत एका इलेक्ट्रॉनची देवघेव झाली, आन् तुमच्या आमटीला चव आली!" शेजारचा बिचारा त्याच आमटीची वाट बघत मान डोलवायचा.

हा धडा शिकवताना ते फळ्याकडे फिरकतसुद्धा नसत. मैदानात मधोमध अकरा खडे ठेवायचे नि भोवती पोरांची रिंगणं बसवायची. आत दोन, मग आठ, आणि सगळ्यांत बाहेर एकटाच एक. हा झाला सोडियम. पलीकडे क्लोरीनच्या बाहेरच्या रिंगणात सात पोरं, आठव्यासाठी टपलेली. साडूंनी टाळी वाजवली, की ती सात जणं त्या एकट्याला ओढून नेत आणि एवढा गलका होई की मुख्याध्यापक कचेरीतून बाहेर येत. मग मोजणी. "खडे म्हंजी धन प्रभार, पोरं म्हंजी ऋण. हितं खडे अकरा, पोरं राहिली धा. म्हणून सोडियम झाला धन. तिकडं एक पोर जास्ती, म्हणून क्लोरीन झाला ऋण. आता ह्यांना नुसतं अणू म्हणायचं न्हाई, आयन म्हणायचं!" त्यांचा विद्यार्थी बाकी कशातही गटांगळ्या खाईल, आयनात कधी बुडाला नाही.

पुढे पुढे त्यांना पंगतीतसुद्धा एकटा माणूस बघवेना. केंदूरच्या एका लग्नात म्हातारा हलगीवाला मांडवाच्या कडेला पत्रावळ घेऊन एकटाच बसला होता. साडूंनी त्याला, "चला आबा," म्हणून हाताला धरून आणलं आणि गावच्या सात पुढाऱ्यांच्या शेजारी बसवलं. एक जण पुटपुटला, "गुरुजी, हितं कशाला?" साडू म्हणाले, "आठवा आला, आता गप जेवा." सगळे गप जेवले. त्या दिवसापासून या माणसाची चेष्टा करताना माझी जीभ जरा अडखळते.

अशा माणसाची एकुलती एक लेक भांडगावला दिली. लग्नाआधी महिनाभर मेव्हणीबाई पदर डोळ्यांना लावून हिंडत होत्या, आणि साडू मात्र येईल त्याला ऐकवत होते, "इलेक्ट्रॉन दिला की सोडियम स्थिर होतो. मी काय रडणार न्हाई." आम्ही सगळे पाठवणीकडे डोळे लावून बसलो. जीप आली, लेक गळ्यात पडली, बायकांनी हंबरडा फोडला. साडू ताठ. जावयाला वाटेतली वळणं समजावून सांगितली, दार स्वतः लावलं, जीप दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. मी मनात म्हटलं, जिंकला बुवा हा माणूस!

मग घरच्यांची शेवटची पंगत बसली. आम्ही सात जण होतो. साडूंनी आपल्या शेजारी आठवी पत्रावळ मांडायला लावली. वाढप्याने मीठ वाढलं, तरी त्यांचे हात जोडले जाईनात. मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, "साडूभाऊ, आज मिठाला नमस्कार नाही?" त्यांनी बोटाने ते चिमूटभर मीठ पत्रावळीच्या कडेला सारलं.

"पाहुणं, इतकी वर्सं पोरांना सांगत आलो, सोडियम स्थिर होतो, स्थिर होतो. पर सोडियमला कुणी इचारलंय का?"

आणि तो एवढा थोरला माणूस भरल्या पंगतीत लहान पोरासारखा रडला.

पुढच्या वर्षापासून त्यांच्या धड्यात एक वाक्य वाढलं. खडे मोजून झाले की म्हणायचे, "देणाऱ्याला आन् घेणाऱ्याला मग एकमेकांची ओढ लागती. त्या ओढीवरच मीठ टिकतं." आता ते निवृत्त झालेत. पंगतीत अजून मिठाला हात जोडतात, शेजारच्याला सोडियम-क्लोरीन ऐकवतात. फक्त सांगता सांगता मधेच थांबतात आणि त्यालाच हळूच विचारतात, "पाहुणं, भांडगावला जायला आता एसटी कवा हाय?"